शेजारच्या दोन टिकल्या

"बाई, या टिकल्या तिरक्या पडल्यात," प्लेट उजेडाकडे धरून नवे डॉक्टर म्हणाले.

"पडल्या नाहीत. ठेवल्यात."

रुग्णाचे जंतू प्लेटमध्ये वाढवायचे, त्यावर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि सकाळी टिकलीभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ पट्टीने मोजायचं, हे काम बाई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं करत होत्या. सगळे त्यांना पट्टीबाई म्हणत. डॉक्टरांच्या टिकल्या मात्र घड्याळातल्या आकड्यांसारख्या सारख्या अंतरावर असत.

प्लेट हॉस्पिटलच्याच लिफ्टवाल्याची होती. डॉक्टरांनी आधी लावलेल्या त्याच्या प्लेटवर वर्तुळ भरपूर मोठं आलं, रिपोर्टात 'औषध लागू' लिहिलं गेलं, इंजेक्शनं सुरू झाली. आज तिसरा दिवस, ताप हटत नव्हता. औषध बरोबर आहे ना, असं त्याची बायको सकाळीच दारात येऊन विचारून गेली होती.

बाईंचं आणि त्याचं सहा वर्षांचं वाकडं. नमुन्यांचा ट्रे घेऊन त्या धावत आल्या तरी तो लिफ्ट थांबवत नसे. तो आजारी पडल्यापासून लिफ्ट वेळेवर येते, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. आणि काल संध्याकाळी, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांनी त्याच्या उरलेल्या जंतूंची दुसरी प्लेट लावली होती.

"हे वर्तुळ शेजारणीकडेच फुगलंय, बघा. हा जंतू रस सोडून औषध चावून टाकतो. शेजारच्या टिकलीतलं औषध त्याचं तोंड बांधतं, म्हणून तेवढ्याच बाजूला त्याचं चाललं नाही. मी दोघींत वीस मिलिमीटर ठेवते; टिकल्या फार लांब ठेवल्या की हे दिसत नाही."

डॉक्टरांनी प्लेट पुन्हा उजेडाकडे धरली. "म्हणजे तीन दिवस आपण त्याला नुसतंच टोचलं."

"त्याला टोचलं. जेवला जंतू."

डॉक्टरांनी स्वतः वॉर्डात फोन करून रिपोर्ट आपला चुकला असं सांगितलं आणि औषध बदलायला लावलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला.

तीन आठवड्यांनी बाई ट्रे घेऊन तळमजल्यावर आल्या, तर लिफ्ट भरलेली. गालफडं बसलेल्या लिफ्टवाल्याने दार पायाने अडवलं आणि दोघांना खाली उतरवलं.

"चला हो बाई, माणसं खोळंबलीत."

"सहा वर्षं मी खोळंबले, त्याचं काय?" म्हणत त्या आत शिरल्या.

लॅबमध्ये डॉक्टरांनी त्या दिवसाच्या प्लेट लावून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत दोन टिकल्या शेजारी, तिरक्या. बाईंनी दोन टिकल्यांमधल्या अंतरावर पट्टी लावली. वीस मिलिमीटर. वीस. वीस. शेवटच्या प्लेटमध्ये बावीस.

टिकली एकदा टेकली की औषध लगेच पसरू लागतं, म्हणून ती हलवत नाहीत. बाईंनी झाकण लावलं आणि प्लेट बाकीच्यांवर ठेवली.