वासाचं गाठोडं

मंगळवारी सकाळी भूपाल शेडबाळेच्या घरच्या मोरीतला वास बाहेर आला आणि पाट ओढून जेवायला बसला.

त्याला तोंड नव्हतं, हातपाय नव्हते. पण पाटावरची जागा त्यानं अडवली होती एवढं नक्की, कारण भूपाल तिथं टेकायला गेला तर ओल्या पोत्यावर बसल्यागत झालं. त्याची बायको पद्मा भाकरी थापता थापता थांबली. तिनं परात झाकली, हात धुतले आणि पिशवी भरायला घेतली.

"मी दादाकडं चालले, इचलकरंजीला," ती म्हणाली. "ह्यो आज जेवायला बसला. उद्या अंथरूण मागंल."

"अगं, दोन दिवसांत घालवतो की."

"दोन वर्षं हेच ऐकतीया. रविवारपर्यंत वाट बघते. न्हाई गेला तर तिकडंच राहीन. वहिनीला सांगीन, आमच्या मालकांनी वासाबरोबर संसार मांडलाय."

आणि गेली.

भूपालला तुम्ही ओळखत नाही म्हणून सांगतो. जयसिंगपूरच्या स्टँडमागं त्याचं तीस वर्षांचं पंक्चरचं दुकान. भोक सापडत नाही म्हणणारा माणूस आळशी असतो, हे तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. आणि इथं स्वतःच्या घरात चार इंचाचं भोक डोळ्यांसमोर, तरी बुजवता येईना. शिवाय पद्मा नसली की त्याला चहा बेचव लागायचा. हे तो कुणाला सांगत नसे. माझ्याकडून आत्ता निसटलं.

बुधवारी त्यानं मोरीत खायचा सोडा टाकला, वर लिंबू पिळलं. मोरी फसफसली, तिनं ढेकर दिला आणि अर्ध्या तासानं लिंबाच्या बिया मोजून बाहेर ठेवल्या. डांबराच्या गोळ्या टाकल्या, त्याही परत आल्या, धुऊन पुसून. शेजाऱ्यांनी ॲसिड सुचवलं. पण शेडबाळ्यांच्या घरात जीव मारायचा नाही असा नेम, आणि जेवायला बसतो तो जीवच.

गुरुवारी नौशाद मिस्त्री आला. जाळी काढून त्यानं बादलीभर पाणी ओतलं.

"अण्णा, खालच्या वाकात पाणी थांबायला पाहिजे. तेच बूच असतंय. हितं पाणी थांबंना, म्हणून गटार सरळ तुमच्या घरात बघतंय."

"मग थांबव की."

नौशादनं हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, शेवटी कान फरशीला टेकला.

"काय लागतंय?"

"वारं लागतंय. आणि कुणीतरी हात हातात घेतलाय."

"कुणी?"

"ओळखीचं वाटंना. पण सभ्य आहे."

हात बाहेर काढला तेव्हा तो दोन वीत लांब झाला होता. नौशादनं उभ्या उभ्या, न वाकता, घोटा खाजवून बघितला. "धंद्याला बरं पडंल," असं म्हणून तो निघून गेला.

शुक्रवारी सकाळी मोरी घराच्या मधोमध आली. फरशीचा उतार चारी बाजूंनी तिच्याकडं झाला. कॉट घसरायला लागली तशी भूपालनं ती सायकलच्या ट्यूबनं खिडकीच्या गजाला बांधली. मग त्यानं कानस घेऊन जाळीची कडा घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि ट्रकच्या ट्यूबचा थाळीएवढा पॅच दाबून बसवला. पॅच पुरीसारखा टम्म फुगला. कान लावला तर आत वास घोरत होता. दुपारी पॅच फुटला आणि वास आळस देत पुन्हा पाटावर आला. भूपालनं दुसरा पॅच कापायला घेतला.

शनिवारी चार खोल्यांची एक खोली झाली. भिंती घाई करत नव्हत्या. सरकायच्या, थांबायच्या, पुन्हा सरकायच्या. संध्याकाळपर्यंत भूपाल, वास आणि मोरी असे तिघंच कसेबसे आत मावत होते. फोन वाजला.

"गेला का?" पद्मानं विचारलं.

"जवळ आलाय."

"म्हंजे?"

"म्हंजे आता पळून जाईल कुठं?"

"उद्या रविवार हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी भूपालला खुंटीवरचं गाळणं नाकाला लागलं, म्हणून दिसलं. शेडबाळ्यांकडं पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय कुणी पीत नाही. आणि कापडावर जे राहतं त्यात बारीक जीव असतात, म्हणून ते फेकायचं नसतं. ज्या पाण्यातलं त्याच पाण्यात परत नेऊन सोडायचं. भूपालची आई त्यासाठी ओढ्याकाठच्या विहिरीपर्यंत चालत जायची. पाच दिवस तो वासाला घालवायच्या मागं लागला होता. ह्याला पोचवायला पाहिजे, हे डोक्यात आलंच नव्हतं.

त्यानं गाळणं मोरीवर पसरलं आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरलं. वास सवयीनं घरी जायला निघाला. हवा खाली गेली, वास कापडावर राहिला. ओलसर, जड, वासराएवढा. चारी टोकं जेमतेम जुळत होती, गाठ काही बसेना. दोन्ही मुठींत आवळून धरलं तरच गाठोडं राहत होतं.

चार इंची नळात माणूस मावत नाही, हे भूपालला माहीत होतं. पण घर तोवर तीन इंचाचं झालं होतं. त्यामानानं नळ ऐसपैस होता. तो उतरला.

गोठा जवळ आलेल्या म्हशीगत गाठोडं पुढं ओढत होतं आणि भूपाल त्यामागं चालत होता. डोक्यावर लोकांच्या मोऱ्यांच्या जाळ्या, त्यातून उजेड. एका जाळीतून एक बाई म्हणाल्या, "कोण हाय खाली?"

"शेडबाळे. पंक्चरवाला."

"भांडी घासलेलं पाणी टाकायचंय. थांबू का?"

"टाका, बाजूला होतो."

पुढं नळ बारीक होत गेला. आधी मान वाकवावी लागली, मग गुडघे टेकावे लागले, मग कोपरांवर सरकावं लागलं. एकदा त्यानं मागं बघितलं. नळ त्याच्या टाचांपाशीच संपत होता. तो पुढं सरकला.

एका जाळीखाली गाठोडं थांबलं आणि सरळ वर ओढायला लागलं. वर जोडव्यांचे दोन पाय होते. डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच. ते पंपावर आपटून गेलं होतं, आणि तो पंप भूपालचाच होता.

"पद्मा, आमच्या मोरीला कधी वास न्हवता बाई," वरून वहिनीचा आवाज आला. "आज बघ कसा सुटलाय."

पाय वाकले. जाळीवर पद्माचा चेहरा आला.

"गेला का?"

"घरातनं काढला. हातात हाय."

"मग सोडा की कुठंतरी वाटेत."

"जिथला असंल तिथंच सोडायचा असतोय. आणि हा हितंच ओढतोय."

वहिनी लांबून म्हणाली, "कुणाशी बोलतीस?"

"आमचे मालक आल्यात."

"मग वर घे की. चहा टाकते."

"त्यांना वर येता यायचं न्हाई. मीच निघते." मग खाली वाकून हळूच म्हणाली, "मी रविवार म्हणाले होते. रविवारी आलात. घर केवढं राहिलंय?"

"तीन इंच."

"बसंल. सरका."

तिनं जाळी उचलून बाजूला ठेवली, पिशवी गळ्यात अडकवली आणि काठावर बसून एक पाय आत सोडला. पाय खांदा शोधत अंधारात फिरला, भूपालच्या कानाला घासून गेला.

"टेकत न्हाई ओ. हात द्या."

वास आता पुरता ताणला गेला होता. कापडाच्या दोन टोकांमधून त्याचं ओलं टोक निघून पद्माच्या तळव्याला लागत होतं. भूपालनं मुठी आणखी आवळल्या. एक मूठ सोडली तर दुसरीत काही राहणार नव्हतं.

"पद्मा, जरा थांब."

"पाच दिवस थांबले."

तिनं दुसरा पायही आत घेतला. आता तिचं सगळं वजन काठावरच्या दोन कोपरांवर होतं.

"धरा," ती म्हणाली, आणि कोपरं उचलली.