क्विंतोची बटाट्यांची परीक्षा

क्विंतो मिलानला गेला असता तर मी भांडले असते कोणाशी, हा माझा खरा प्रश्न होता. आमच्या बाल्कन्या एकमेकींना चिकटलेल्या. त्याची बायको इनेस वसंतात वारली, आणि तेव्हापासून हा जन्मभर लोकांचे केस कापत आलेला माणूस माझ्या घरच्या वाडग्यांवर जगत होता. त्याच्या मुलीला, लोरेदानाला, ते कळलं. तिने फोनवर बजावलं, "बाबा, आर्जियामावशी उद्या आजारी पडली तर उपाशी राहाल. रविवारी मी जेवायला येते. कोंबडी गाडीवरची भाजलेली आणा, पण बटाटे स्वतः करायचे. नाही जमलं तर चला माझ्याबरोबर मिलानला."

रविवारी सकाळीच स्वारी बाल्कनीत हजर.

"मीठ किती?"

"पुरेल इतकं."

"तेल?"

"पुरेल इतकं."

"अगं, मी 'पुरतील इतके' केस कापले असते तर अख्खं गाव टकलं झालं असतं! आकडा सांग."

"बटाट्याला आकडा नसतो. फोडी कोरड्या करून पसरून ठेव, रोझमेरीची पानं घाल, लसूण सालासकट टाक. आणि ओव्हन सारखा उघडू नकोस."

त्याने ओल्या फोडींचा ढीग लावला, दर पाच मिनिटांनी ओव्हन उघडला आणि शेवटी वैतागून आच होती नव्हती तेवढी वाढवली. बाराच्या सुमारास धूर माझ्या स्वयंपाकघरात. मला राहवेना. मी माझ्या बटाट्यांचा ट्रे कठड्यावरून त्याच्या हातात दिला. "गप्प बस आणि हे वाढ."

जेवायला मलाही बोलावलं होतं. लोरेदानाने एक फोड तोंडात घातली. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखी मऊ. तिने काटा खाली ठेवला.

"बाबा, बॅग भरा."

"का? वाईट झालेत?"

"छान झालेत. मावशीच्या हातचे मी लहानपणापासून खाते आहे."

माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. क्विंतो मात्र ताडकन उठला आणि कपाटामागे लपवलेला स्वतःचा ट्रे आणून टेबलावर आदळला. एका बाजूने कोळसा, मध्ये कच्चे, रोझमेरीची अख्खी फांदी आडवी.

"हे मी केलेत! झालं समाधान?"

लोरेदानाने एक उचलला. कचकन आवाज झाला. दुसरा उचलला. मग सुरीने तळाशी चिकटलेली खरवड काढायला लागली. तीही कडूच असणार, पण ती खात राहिली.

"आईचेसुद्धा लग्नानंतर पहिले असेच झाले होते ना?"

"याहून वाईट," क्विंतो म्हणाला, आणि स्वतःही एक कोळसा तोंडात टाकला.

"पुढच्या रविवारी मुलांना घेऊन येते. जरा लवकर बाहेर काढा."

माझ्या ट्रेला मग कोणी हातही लावला नाही. चाळीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता, आणि मी तिथे बसून आनंदाने रडत होते. कांदा झोंबला म्हणावं, तर बटाट्यांत कांदा नव्हता.