बरणीवरचं वजन

नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना खैरुन्निसानं गावच्या घरातलं सगळं आणलं, फक्त कैऱ्या दाबायचा दगड विसरली. तो आठवला थेट शहाण्णव सालच्या मे महिन्यात. सून हुदाला पाचवा महिना लागला होता आणि खारातल्या कैरीशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. "पंधरा दिवस थांब, बोटं चाटत राहशील," असा शब्द खैरुन्निसा देऊन बसली.

आता दगड कुठून आणायचा? सोसायटीत फरश्याच फरश्या. शेवटी तिची नजर गॅलरीतल्या पिशवीवर गेली. मुलगा तौहीद पाठीला स्कुबाची टाकी लावून बंदरातल्या जहाजांचे तळ तपासायचा आणि पाण्यात तरंगू नये म्हणून कमरपट्ट्यात शिशाची वजनं अडकवायचा. चांगली दोन-दोन किलोंची, हातात मावणारी. खैरुन्निसानं त्यातलं एक धुतलं, बरणीत कैऱ्यांवर ठेवलं आणि स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश झाली.

तिसऱ्या दिवशी तौहीदनं पिशवी उघडली.

"अम्मी, माझं एक वजन कुठं गेलं?"

"कामाला लावलंय. तुज्यासारखं लोळत नाय पडलं."

बरणीत डोकावताच त्याचा चेहरा उतरला. "कुनी खाल्लं यातलं?"

"नाय, आता चाखनार होते," दारात उभी असलेली हुदा म्हणाली. तिच्या हातात चमचा होता.

तौहीदनं आधी चमचा काढून घेतला. आंबट खारात शिसं उतरतं, शरीरात भिनतं, पोटातल्या बाळाला तर फारच वाईट, असं तो सांगत सुटला. आपल्याच हातांनी आपण काय करायला निघालो होतो, या विचारानं खैरुन्निसाच्या अंगावर काटा आला. पण तो दोनच मिनिटं.

"एवढं जहर हाय, तर माज्या घरात उघडं कशाला ठेवलंस रे?"

गेल्याच आठवड्यात तौहीदनं वजनांवरचा पांढरा थर गॅलरीत बसून पॉलिश पेपरनं घासला होता आणि त्याच हातानं चहात खारी बुडवली होती. हे त्यानं कबूल केलं आणि त्याचं घरातलं राज्य संपलं.

बरणी आतल्या कैऱ्यांसकट टाकताना खैरुन्निसाला फार वाईट वाटलं. हुदाची रवानगी आठवडाभर माहेरी, उलव्याला झाली. गॅलरीत झाडू बंद. हातमोजे घालायचे, तोंडाला फडकं बांधायचं, ओल्या फडक्यानं भुकटी पुसायची आणि ते फडकंही फेकायचं. प्रत्येक वजनाला ऑइल पेंटचे तीन हात बसले. घरात दाराचा पोपटी रंग तेवढा उरला होता, तोच लावला. वर खैरुन्निसानं जाड, तशाच पोपटी रेक्झिनच्या पिशव्या शिवून वजनं त्यात बंद केली. बंदरातले सोबती तौहीदला पोपट म्हणू लागले. संध्याकाळी घरी आला की आधी कपडे वेगळे, मग साबणानं हात, मग चहा.

हुदा परत आली. कैरीचं नावही काढेना बिचारी, आणि तेच खैरुन्निसाला जास्त लागलं. बाजारात शेवटच्या कैऱ्या आल्या होत्या. तिनं त्या आणल्या, नवी बरणीही आणली. पण दगड?

शुक्रवारी तौहीद टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. काळाभोर, गुळगुळीत दगड.

"बंदराच्या तळाला सापडला. पानी एवढं गढूळ, कायपन दिसत नाय. तीन दिवस चाचपत होतो."

खैरुन्निसानं दगड घासघासून धुतला, उकळत्या पाण्यातून काढला. बरणीत तो अगदी बेताचा बसत होता. तिचे डोळे भरून आले. तौहीदनं कौतुकानं कैरी उचलायला हात पुढे केला.

तिनं फटकन त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हात धुतलेस?"