पिवळी गोळी

ब्लाउजचा तिसरा हूक बोटांत आला, निसटला, पुन्हा आला आणि... बसला. भाग्यलक्ष्मी आरशासमोर तशीच उभी राहिली. नखाएवढा तर हूक. पण दोन वर्षं तो नवरा, पद्मनाभ, लावून द्यायचा, पीण्याच्या कारखान्यातल्या पहिल्या पाळीला निघता निघता, डबा काखेत धरून. कधी चिडून, बहुतेकदा काहीच न बोलता, आणि ते न बोलणंच तिला जास्त लागायचं. सकाळी बोटं अशी आखडलेली असत की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे. सगळ्यांचेच हात दुखतात, असं तिच्या कारखान्यातला सुपरवायझर म्हणाला होता आणि तिनेही ते खरं मानलं — सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून सांगेपर्यंत. मग ती पिवळी गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. हळूहळू, एकेक सांधा कुणी आतून सैल करत जावं तसे हात परत आले. माझे हात!

मध्ये एकदा मात्र गोळीत खंड पडला होता. घरापासून दोन थांब्यांवरच्या यशवंतपूरच्या आरोग्य केंद्रातली संपली, आठ दिवसांनी या म्हणाले. ती 'सरी', म्हणजे बरं, म्हणून परतली, मग पुन्हा आठ दिवस, पुन्हा सरी... आणि बोटं परत लाकडासारखी झाली. त्या दिवसांत निपाणीहून आईचा फोन आला की ती सांगायची, बरी आहे, अगदी बरी आहे.

आज औषधाच्या खिडकीपलीकडून कंपाउंडर चंदनने मानही वर न करता सांगितलं, "स्टॉक इल्ला, नाहीये, अक्का. पुढच्या महिन्यात बन्नी, तेव्हा या."

सरी — जिभेवर आलंच होतं. मागे उभे असलेले आप्पाजी, गुडघे सुजलेले, तिच्यासारखेच दर महिन्याला येणारे, ते तर काठी टेकत वळलेसुद्धा. तिला त्यांची पाठ दिसली. किती सवयीने वळली होती ती पाठ... आपलीही अशीच दिसत असेल, इतकी वर्षं, खिडकीतून बघणाऱ्याला.

"इल्ला," ती म्हणाली. मोठ्याने. "आप्पाजी, थांबा. जाऊ नका."

ती थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि गोळीचं विचारलं. डॉक्टर मुग्धा पुण्याहून नुकत्याच आलेल्या. कन्नड अजून अडखळत बोलायच्या. भाग्यलक्ष्मीचं मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला, मग पडला.

"मागणी पाठवलीय हो ताई. आठ-दहा दिवसांत येईल."

"मागच्या खेपेलाही आठ दिवसच म्हणाले होते, मॅडम. हे हात गेले होते माझे." तिने टेबलावर दोन्ही पंजे ठेवले, बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. "दुसऱ्या केंद्रात असतील की गोळ्या. फोन लावा. आम्ही बसतो बाहेर."

आपण डॉक्टरला 'फोन लावा' म्हणालो? आवाज कापलाही नव्हता. मुग्धांनी त्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला. एका ठिकाणी नाही. दुसऱ्या ठिकाणीही नाही. तिसऱ्या ठिकाणी...

"आहेत? माणूस पाठवते. आत्ताच."

दुपारी खोका आला. चंदनने तो फोडला, तिच्या हातावर गोळ्यांची पट्टी ठेवली, आणि न विचारताच म्हणाला, "एल्लारिगू आहे, अक्का. सगळ्यांना पुरेल." आप्पाजींनी आपली पट्टी कपाळाला लावली. बाकावरच्या, कधी नावंही न विचारलेल्या बायका तिच्याकडे बघून हसत होत्या, आणि तिला उगाचच पदर सावरावासा वाटला.

रस्त्यावर ऊन होतं. घराकडची बस आली. ती चढली नाही. आनंदच झाला होता, पण त्याला थोडी भीतीची चव होती... मघाशी आत बोलली ती बाई कोण? कुठे बसली होती इतके दिवस? आता ती गप्प बसेल असं काही वाटत नाही. तिला घरी न्यायचं, पद्मनाभसमोर उभं करायचं — आणि तिला आणखी काय काय हवं असेल, कुणास ठाऊक.

दुसरी बसही निघून गेली. तिने नुसती मान वर करून पाहिलं, आणि घराकडे चालायला लागली.