आषाढातली मोजणी

कांदळपाडा हॉल्ट बंद होणार, ही नोटीस चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात तिकीटखिडकीशेजारी लागली. पहिल्यांदा ती पाहिली मंजुळा कोळणीनं आणि वाचली मी. तिला वाचता येत नाही. मला येतं, पण सरकारी मराठी दोनदा वाचावं लागतं.

"काय म्हनते गो ती?" डोक्यावरची पाटी न उतरवताच तिनं विचारलं. भरली पाटी एकदा उतरवली की पुन्हा चढवायला दुसरं माणूस लागतं, म्हणून मंजुळा हॉल्टवर कधी बसत नाही.

"इथून रोज पंचवीस माणसंही चढत नाहीत, म्हणून बंद. हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यायची. साहेब इथं येऊन ती ऐकणार. त्याशिवाय बंद करता येत नाही म्हणे."

"आन् बंद झाला त मी पार्ल्याला जानार कशी?"

चालत. मिठागरांच्या बांधावरून बोरिवलीपर्यंत दीड तास, पन्नाशीचे गुडघे घेऊन. तिची पार्ल्याची गिऱ्हाइकं तिच्या आईच्या वेळेपासूनची, पण जेवणाच्या वेळेला कोणी थांबत नाही. दहाच्या आत मासे आले नाहीत तर पार्लेकर भेंडीवर भागवतात.

मी रात्री दोन पानं हरकत लिहिली. परिसराचा विकास, गोरगरिबांची सोय, असं बरंच काही. सकाळी मंजुळाला वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकली.

"ब्येस लिवलंस. पन आमी बायाच चाळीस जातो रोज. यांनी मोजलं कवा?"

नोटिशीवर तारखा होत्या, जुलैचा पहिला आठवडा. मी कालनिर्णय बघितलं. "आषाढ."

ती एवढी हसली की पाटी धरावी लागली. "अगो बाय! आषाढात होड्या वर काडलेल्या. नारली पुनवेपरत दर्यात कोन जातंय? म्हावरंच नाय त पाटीत काय घालून नेऊ, गुडघे?"

इतकी वर्षं तिचे मासे खाऊन हे मला सुचू नये! मी दोन पानं फाडली आणि चार ओळी लिहिल्या. खाली अडतीस अंगठे आले. तिकीट एजंट धोंडिरामनं अर्ज घेऊन पोच दिली.

सुनावणीला साहेब आले, देशावरचे, घामाघूम झालेले. खुर्ची आमच्या घरून आणली.

"मोजणी नियमानुसारच झाली आहे," ते म्हणाले. "नियमात महिना दिलेला नाही."

मंजुळा पुढं झाली. ती देवालाही तू म्हणते. "सायबा, तू म्हावरं खातो?"

साहेब दचकले. "नाही. मी शाकाहारी आहे."

"तरीच!"

शेडमधल्या सगळ्या बाया हसल्या. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी धोंडिरामकडून तिकिटांचं आणि पासांचं रजिस्टर मागून घेतलं. नारळी पौर्णिमेच्या आधीची पानं पाहिली, नंतरची पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग लिहिलं, 'हंगामात फेरमोजणी करावी.' जाताना मला हळूच विचारलं, "ही पौर्णिमा दरवर्षी त्याच तारखेला येते का हो?"

कार्तिकात मोजणी झाली. त्या आठवड्यात मला झोप नव्हती. आमच्या कॉलनीतल्या सगळ्यांना उगाच तिकिटं काढायला लावावीत, असंही मनात आलं. मंजुळानं उडवून लावलं. "लबाडी कशाला? रोजच्यासारख्या जाव."

दुसरी नोटीस लागली त्या सकाळी मी एका बारशाला निघाले होते, इस्त्रीची रेशमी साडी नेसून. ही नोटीस एकदाच वाचावी लागली. रोजचे सरासरी एकसष्ट उतारू. हॉल्ट चालू राहील.

मंजुळानं पाटी उतरवली, बाकावर बसली आणि पाय लांब केले. समोर गाडी आली, थांबली.

"अगं, गाडी!"

"जाऊंदे. दुसरी येल ना."

गाडी गेली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. पुढची गाडी दिसली तेव्हा ती उठली आणि माझ्याकडं पाहू लागली. धोंडिराम खिडकीत होता, पण तिनं मलाच निवडलं होतं.

मी पदर खोचला आणि पाटीला हात लावला. बारशाला माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.