एका चमच्यात किती?

मी पोषणमूल्यांचा तक्ता बोलतोय. प्लम सॉसच्या बाटलीच्या पाठीवर, मुंगीनेसुद्धा चष्मा लावून वाचावं अशा अक्षरांत जो चिकटलेला असतो ना, तो मी. बाटलीच्या पुढे रसरशीत आलुबुखारांचं रंगीत चित्र. सगळे त्याच्याकडे बघतात आणि बाटली उलटी करतात. मला वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचीच ही गोष्ट, आणि माझ्या पापाचीही.

माझा जन्म एका सूनबाईंच्या हट्टातून झाला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्या सॉस करायच्या. आलुबुखारं शिजवायची, गाळायची, साखर, व्हिनेगर, आलं, मीठ घालून पुन्हा आटवायची. दुकानदार म्हणाला, मागे तक्ता नसेल तर फळीवर जागा नाही. मग नमुना प्रयोगशाळेत गेला आणि शंभर ग्रॅमचे आकडे आले: एकशे चौऱ्याऐंशी कॅलरी, त्रेचाळीस ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे बहुतेक साखरच. प्रथिनं आणि चरबी नावापुरती. सोडियम पाचशे अडतीस मिलिग्रॅम. हे माझं उजवं अंग, शंभर नंबरी.

घोटाळा डाव्या अंगात आहे. तिथे लिहायचं होतं, एका चमच्यात किती.

सूनबाईंच्या त्या खोलीत चमचा म्हटलं की एकच. खिळ्याला दोरीने बांधलेला, चव बघायचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसला बारका. तो बांधला गेला सासऱ्यांमुळे, म्हणजे आबांमुळे. आबा चव बघायला म्हणून पळी घेऊन पातेल्याशी उभे राहिले की अर्धी बाटली पोटात आणि वर म्हणत, "अजून नीट कळलं नाही." शेवटी सूनबाईंनी पळी लपवली, हा चमचा टांगला आणि दोरी पातेल्यापुरतीच ठेवली. तेव्हापासून सूनबाईंच्या लेखी चमचा म्हणजे तो. सूनबाईंनी त्यानेच सॉस काढून वजन केलं. पाच ग्रॅम भरला. हिशोब करून लिहिलं: एक चमचा, नऊ कॅलरी, दोन ग्रॅम कर्बोदकं. त्यांचा नवरा छापखान्यात कामाला. त्याने जेवणाच्या सुट्टीत मला छापून टाकलं. शाई वाळायच्या आत मी खोटारडा झालो होतो, आणि मला पत्ताच नव्हता.

आता आबांची ओळख. तीस वर्षं ते वजनमापं तपासायचे. बाजारात त्यांना शिक्केवाले म्हणत. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की तराजूंची पारडी आपोआप सरळ व्हायची, आणि एकदा तर एका किराणावाल्याचं पोकळ वजन घाबरून स्वतःहून गटारात उडी मारून गेलं, असं मला मिठाच्या बरणीने सांगितलं. बरणी खोटं बोलत नाही.

या आबांना मधुमेह. डॉक्टरीणबाईंनी सॉसला मनाई केली नव्हती, मोजून खा म्हणाल्या होत्या. माझ्यासारखा छापील साक्षीदार समोर असल्यावर आबा खूश. ताटात ऑम्लेट असो की तळलेले बटाटे, सॉस दोनच चमचे, तेही जेवणाच्या मोठ्या चमच्याने. तीन वेळचे सहा. वहीत लिहायचे: बारा ग्रॅम.

महिन्याने रक्त तपासलं तर साखर आभाळाला टेकलेली. पुढच्या महिन्यातही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता उतरली नाही तर इंजेक्शन सुरू करू. घरी आल्यावर सूनबाईंनी कपाटांना कुलपं लावली. छापखान्यातल्या मुलाने आबांच्या उशीखाली मिठाई शोधली. आबांना पातेल्याजवळ यायला बंदी झाली.

"आबा, खाल्लं असेल तर सांगून टाका," सूनबाई म्हणाल्या. "मी ओरडणार नाही."

"सहा चमचे. वर थेंब नाही."

"मग साखर काय हवेतून येते?"

आबा ताट तसंच ठेवून उठले. तीस वर्षं लोकांची लबाडी पकडलेला माणूस, आणि स्वतःच्या घरात लबाड ठरला. इंजेक्शनला ते भीत नव्हते. हे मात्र त्यांना लागलं.

मी मेजावर बसून सगळं बघत होतो. सहा म्हणजे सहाच, हे मी रोज मोजलं होतं. मग माझं डावं अंग उजव्याशी ताडून पाहिलं, आबांच्या हातातला चमचा पाहिला आणि माझी शाई थिजली. चोर मीच होतो. त्या दिवशी मी ठरवलं, काही झालं तरी या माणसाला माझी दोन्ही अंगं वाचायला लावायची. तुम्ही म्हणाल, कागद काय करणार? अहो, चहाच्या किटलीची वाफ लागली की गोंद ढिला होतो. तीन दिवस मी किटलीकडे पाठ करून वाफ खाल्ली आणि डावा कोपरा नखाएवढा उचलला. चौथ्या दिवशी तो बरोबर आबांच्या बाहीत अडकला.

त्यांनी कोपरा दाबायला बाटली फिरवली आणि थबकले. नोकरीत त्यांचा एक नियम होता, छापलेलं माप म्हणजे माप नव्हे, मोजलेलं माप म्हणजे माप. सगळ्या गावाला लावलेला हा नियम त्यांनी घराला मात्र लावला नव्हता. भिंग आलं. माझी दोन्ही अंगं वाचली गेली. शंभरात त्रेचाळीस आणि चमच्यात दोन, म्हणजे चमचा पाच ग्रॅमचा. आबांनी आपला चमचा हातात धरून बघितला, मग सूनबाईंचा वजनकाटा आणला. वाटी ठेवून काटा शून्यावर घेतला, एक चमचा सॉस ओतला. एकोणीस. पुसून पुन्हा. एकोणीस. तिसऱ्यांदाही एकोणीस. आठ ग्रॅम साखर, दोन नव्हे. दिवसाची बारा समजत होते, एकोणपन्नास जात होती.

"सूनबाई," त्यांनी शांतपणे हाक मारली. "तू चमचा कुठला घेतला होतास?"

सूनबाईंनी खिळ्याकडे बोट केलं. बोट वर असतानाच त्यांचा चेहरा उतरला. "आबा, मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"तू मोजलंस ते बरोबर मोजलंस. तो चमचा बारका झाला माझ्या हावरटपणामुळे." मग त्यांचा आवाज बदलला, जुन्या तपासणीतला झाला. "किती बाटल्या बाहेर गेल्यात?"

"दोनशे चाळीस. पण आबा, चमच्याचं कोण बघतं?"

"मी बघत होतो," आबा म्हणाले.

मुलाने नवे तक्ते छापले: एक मोठा चमचा, एकोणीस ग्रॅम, पस्तीस कॅलरी, आठ ग्रॅम कर्बोदकं, एकशे दोन मिलिग्रॅम सोडियम. आबा आणि सूनबाई दुकानं पालथी घालत निघाले. ज्यांना एकेकाळी आबांनी दंड केला होता, त्यांच्याच फळ्यांसमोर उभं राहून ते सांगत, "आमच्या घरचं माप चुकलंय, दुरुस्त करायला आलोय." एक म्हातारा दुकानदार मनापासून हसला, मग स्वतःच गोंद घेऊन बसला. विकल्या गेलेल्या बाटल्यांसाठी दुकानादुकानात पाट्या लागल्या. नऊ दिवस लागले. आबांचे गुडघे सुजले, पण एक दुकान सुटलं नाही.

मला त्यांनी सोलून काढलं, जपून. जुन्या पेटीतून नापास मापांवर मारायचा फुलीचा शिक्का काढला आणि माझ्या छातीवर ठोकला. हल्ली मी खिळ्याला असतो, त्या बारक्या चमच्याच्या शेजारी. फुलीची मला लाज नाही. खोटा छापला गेलो, पण खोटा राहिलो नाही.

यावेळी साखर थोडी उतरली आहे. इंजेक्शन तूर्तास लांबलंय. तुम्हाला एवढंच विनवतो, बाटली उलटी करण्याआधी फिरवा, मला वाचा, आणि वाचून झाल्यावर विचारा, चमचा कोणाचा?

आबा आता जेवतानाही हाच बारका चमचा वापरतात. सूनबाईंनी कुलपं काढली, पण चमचा काही सोडला नाही. फक्त दोरी जेवणाच्या मेजापर्यंत पोहोचेल एवढी लांब केली.