स्वतंत्र व्यवसाय

“घालूनच इस्त्री करायची म्हणता का, बाशा?” उस्ता मिन्यावीने विचारलं, तेव्हा कुठे त्या अनोळखी माणसाच्या लक्षात आलं, की इस्त्रीच्या दुकानात आलं तर हातात एखादा कपडा असावा लागतो. तो ओशाळला. अंगातल्या कातडी जाकिटाकडे त्याने एकदा बघितलं, मग खिशातला चुरगळलेला रुमाल काढून फळीवर ठेवला.

“हा घ्या. नीट घडी पाडा. मी थांबतो.”

उस्ताने ओळखलं. अर्धं आयुष्य कैरोतल्या शुब्र्याच्या एकाच गल्लीत काढलेल्या माणसाला साध्या वेशातला सरकारी माणूस ओळखायला काय लागतं! कुणाला मोठी नोकरी लागायची असली की सरकारी खातं घरची चौकशी करायला असा एखादा माणूस गल्लीत धाडतं, आणि तो आधी इमारतीच्या दारवानाला गाठतो, मग इस्त्रीवाल्याला. या इमारतीचा दारवान केव्हाच गावी निघून गेला होता. राहिला उस्ता.

“एका मुलीची चौकशी होती,” माणूस आवाज खाली आणून म्हणाला. “इब्तिहाल शहाता अब्दुलमौजूद. इथेच गच्चीवरच्या खोल्यांत राहते म्हणे. ओळखता?”

उस्ताने इस्त्री उचलली होती, ती उचललेलीच राहिली.

शहाता अब्दुलमौजूद म्हणजे तो स्वतःच. पण ते नाव कागदावरचं. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईने या चौथ्याचं नाव ‘शहाता’, म्हणजे भीक मागून आणलेला, असं ठेवलं. मरणाने बघून तोंड फिरवावं म्हणून. मिन्याहून कैरोला आल्यावर ते नाव कुणी विचारलं नाही. गल्लीने त्याच्या गावाचं नाव त्याला चिकटवलं आणि तो उस्ता मिन्यावी, म्हणजे मिन्याचा कारागीर, झाला. समोरच्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं.

“ओळखतो की,” उस्ता म्हणाला आणि रुमालावर पाणी शिंपडलं. “गुणी पोरगी.”

गुणी म्हणजे काय, हे सांगायला बसला असता तर संध्याकाळ झाली असती. कायद्याच्या परीक्षेत ती सबंध विद्यापीठात चौथी आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या न्यायाधीशांचा तामेर तिच्याच वर्गात होता. तो कसाबसा पास झाला. गेल्या वर्षी दोघं सरकारी वकिलाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. तामेरचा सूट उस्तानेच कडक करून दिला होता. आत इब्तिहालला विचारलं, वडील काय करतात? ती सरळ म्हणाली, कपड्यांना इस्त्री करतात. साहेब लोकांनी एकमेकांकडे बघितलं, फार गोड बोलून तिला निरोप दिला आणि निवड झाली ती तामेरची. या वर्षी वयाची शेवटची संधी होती. मुलाखतीहून आल्यावर ती खाली मान घालून म्हणाली होती, “बाबा, मी ‘स्वतंत्र व्यवसाय’ असं सांगितलं.”

“मग खोटं काय त्यात?” उस्ता मोठ्याने हसला होता. “माझ्यावर कोण साहेब आहे? माझ्याइतका स्वतंत्र माणूस सबंध कैरोत दाखव.” हसला खरा, पण ताट तसंच बाजूला सारलं. तिलाही ते दिसलं असणार, कारण तीही जेवली नाही.

नेमणूक झालेल्यांच्या शपथेच्या दिवशी आईबापांना पुढच्या रांगांत बसवतात, हे त्याला तामेरच्या आईकडून कळलं होतं. तेव्हापासून उस्ताने एकच ध्यास घेतला होता: त्या रांगेत बसायचं आणि पोरीने हात वर केलेला बघायचा. भाजल्याच्या डागांचे आपले हात तिथे कसे ठेवायचे, हेही त्याने ठरवून टाकलं होतं. मुठी मिटून, मांडीवर. म्हणजे फोटोत येणार नाहीत.

“पोरीचं सोडा,” माणूस म्हणाला. “पोरी सगळ्याच गुणी. बापाचं बोला. काय करतो?”

“स्वतंत्र व्यवसाय.”

माणूस खो खो हसला. “कागदावरही तेच लिहिलंय! अहो उस्ता, नाक्यावर लिंबं विकणाराही स्वतंत्र व्यवसायच करतो. वरच्यांना नेमकं पाहिजे. गाड्यांचा व्यापार आहे? बांधकाम? सूतगिरणी? नेमकं नसलं की ते नावावर काट मारतात, आणि माझी पायपीट फुकट.”

“आणि समजा लहानसा धंदा असला तर?”

“लहानसा म्हणजे?”

“समजा,” उस्ता रुमालाचा कोपरा ओढत म्हणाला, “माझ्यासारखा.”

माणसाने दुकानभर नजर फिरवली. दुकान कसलं, जिन्याखालची बोळकांडी ती! दुसऱ्यांचे शर्ट तारेवर ओळीने लटकत होते.

“वाईट वाटून घेऊ नका,” तो म्हणाला. “तुमची कमाई हलालची, कुणी नाव ठेवणार नाही. पण उद्या ती खुर्चीवर बसणार, समोर बड्या घरची पोरं उभी राहणार, आणि बाप खाली लोकांच्या विजारींना... जाऊ दे. माझाच पोरगा कॉमर्सचा पदवीधर आहे. टुकटुक रिक्षा चालवतो. आईने पदवी चौकटीत लावलीय, तिच्याखाली टुकटुकची किल्ली टांगतो. मला काय कळत नाही का, उस्ता? पण मी कोण? मी विचारतो आणि लिहून देतो.”

रुमाल केव्हाच कडक झाला होता, तरी इस्त्री त्याच्यावरून फिरतच होती.

“आता मागच्या गल्लीतली चौकशी बघा,” माणूस भिंतीला टेकून सैलावला. “पोराचा बाप वारलेला. एका ओळीत काम झालं. मेलेल्या माणसाचा धंदा कोण विचारतो? ‘अल्लाह त्याच्यावर दया करो’ लिहायचं, चला पुढच्या घरी.”

“हाही वारला,” उस्ता म्हणाला.

“कोण?”

“शहाता. पोरीचा बाप.”

माणूस सरळ झाला. “कागदावर तर जिवंत आहे.”

“हल्लीच झालं.”

“अरेरे. कशाने?”

हे उस्ताला सुचलंच नव्हतं. “काळजाचं दुखणं होतं,” तो म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

“कागदपत्रं ती मागाहून देईल. माझ्यापुरता तुमचा शब्द पुरे.” माणसाचा स्वर मऊ झाला होता. “माणूस कसा होता?”

“साधा होता. फार कुणाच्या अध्यात ना मध्यात.” उस्ताने इस्त्री उभी केली. “पोरीवर जीव होता त्याचा. ती जाडजाड पुस्तकं वाचत बसायची, आणि हा समोर बसून बघत राहायचा. कळायचं नाही काही. पण बघत राहायचा.”

“अल्लाह त्याला स्वर्ग देवो,” माणूस म्हणाला, आणि त्याने दोन्ही तळवे पसरले.

मयताचं नाव निघालं आणि फातिहा म्हटला नाही, असं कसं होईल? उस्तानेही हात पसरले. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या त्या ओळी, पण आज मध्येच त्याची जीभ अडखळली. पुढच्या रांगेतली ती खुर्ची त्याला दिसत होती. तिच्यावर दुसरंच कुणी बसलं होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं काहीसं तो पुटपुटला.

तेवढ्यात जिन्यावरून इब्तिहाल खाली आली. फडक्यात धरलेलं मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं तिच्या हातात होतं आणि लसणाच्या फोडणीचा वास तिच्या आधी दुकानात शिरला. बापाचे ओले डोळे बघून ती दारातच थबकली. तिचं तोंड उघडलं. ‘बाबा’ हा शब्द तिच्या ओठांवर आलेला उस्ताला स्पष्ट दिसला.

“तुमचं जाकीट झालंय, बाईसाहेब,” तो घाईघाईने म्हणाला. “सवडीने न्या.”

जन्मल्यापासून त्याने तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. ती बघतच राहिली. मग तिने त्या परक्या माणसाकडे बघितलं, त्याच्या जाकिटाकडे, फळीवरच्या इवल्याशा रुमालाकडे.

“तुम्हीच का इब्तिहाल?” माणूस पुढे झाला. त्याने छातीवर हात ठेवला. “आत्ताच उस्तांकडून कळलं. आम्ही दोघांनी तुमच्या वडिलांसाठी फातिहा वाचला. त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.”

या बोलण्याला ठरलेलं उत्तर असतं. लहान पोरालाही ते येतं. इब्तिहालला ते येईना. एकदा तिने बापाकडे पाऊल टाकलं. उस्ताने मान इतकी थोडी हलवली, की ती फक्त तिलाच दिसावी. नको.

“तुम्हाला लाभो,” ती शेवटी म्हणाली. बोलली त्या माणसाशी, पण बघत होती बापाकडे. “खूप खूप वर्षं लाभो.”

आणि पातेलं तसंच घेऊन ती वळली.

“दुःख ओलं आहे अजून,” माणूस हळहळला. त्याने रुमाल उचलला, तोच हात शेजारच्या तापल्या इस्त्रीला लागून चटका बसला आणि रुमाल पुन्हा फळीवर पडला. “बापाची लाडकी असणार.”

“हो,” उस्ता म्हणाला.

वर जाणारी तिची पावलं तो ऐकत होता. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. उस्ता श्वास धरून उभा राहिला. ती खाली यावी असंही त्याला वाटत होतं, आणि येऊ नये असंही. मग पावलं पुन्हा निघाली, एकेक पायरी करत, वर.